घाटाला विचारून ग्रुपसेट घ्या

पहिली रोडबाइक घेणाऱ्या नाशिककरांना एक विनंती आहे. दुकानात ‘किती स्पीडची?’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, ‘पुढची लहान चकती किती दात्यांची आणि मागची सगळ्यांत मोठी किती दात्यांची?’

गंगापूर रोडवर कुठलीही सायकल पळते. खरी परीक्षा नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढताना, नाहीतर कसाऱ्याहून इगतपुरीकडे येताना. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्याला सायकल जेमतेम सव्वादोन मीटर सरकते. मिनिटाला ७० फेरे मारले तरी वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे घाटात नवख्याला झेपेल असा. तेच पुढे ३६ आणि मागे २८ आले, तर एवढ्याच फेऱ्यांना ताशी सव्वाअकराचा वेग राखावा लागतो. तो जमला नाही की फेरे मंदावतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. तेव्हा पुढे ५०-३४, मागे ११-३२ किंवा ११-३४. उतारावर वेग कमी पडेल ही भीती सोडा. आपल्या घाटांत उतरताना पायडलपेक्षा ब्रेकच जास्त लागतो.

आता नावांकडे. शिमानो कंपनीच्या ग्रुपसेटची, म्हणजे गिअर-ब्रेकच्या संचांची, उतरंड सरळ आहे: क्लॅरिस मागे ८ गिअरची, सोरा ९, टियाग्रा १०, आणि १०५ ही ११ किंवा १२ गिअरची. वर जावं तसं वजन घटतं, गिअर अधिक हलक्या हाताने पडतात, दोन गिअरांमधलं अंतर कमी होतं. पण चढ सोपा होतो तो दात्यांमुळे. क्लॅरिसवर ३४-३२ असेल, तर घाटात ती ३६-२८च्या १०५ पेक्षा दयाळू ठरते.

नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून भारी सायकलींची हौस गावात वाढली, ती चांगलीच गोष्ट. पण त्यांची तयारी ग्रुपसेटच्या खोक्यात मिळत नाही.

माझं मत विचाराल, तर रविवारी त्र्यंबकला जाऊन येणाऱ्याला सोरा पुष्कळ झाली. वाचलेले पैसे चांगल्या टायरांवर आणि सायकल अंगाला नीट बसवून घेण्यावर घाला. शर्यतीत उतरायचं असेल, तर मात्र १०५ चा विचार जरूर करा.

पावसाळ्याचाही हिशेब धरा. त्र्यंबक-इगतपुरीचा चिखल चेन झपाट्याने खातो. ८-९ गिअरची चेन आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) स्वस्त असते, सहज मिळते. ११-१२ची महाग पडते. तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे कुठलं सामान असतं, ते सायकल ठरवण्याआधी विचारून या.

आणि सायकलवर ११-२८ची कॅसेट दिसली, तर बिल होण्याआधीच बदलून मागा. मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३२ दाते पेलतो का, तेही तिथेच विचारा. नंतर गेलात तर जुनी कॅसेट गळ्यात पडते आणि बहुधा लांब चेनही विकत घ्यावी लागते.