हसे कोणाचे झाले?

२०२५ साली, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, चिन्मय मांडलेकर यांनी लिहून दिग्दर्शित केलेला ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. आम्ही घरची सगळी मंडळी एकत्र बसून तो पाहिला आणि मनसोक्त हसलो. पुढच्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मला त्याबद्दल जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. ‘‘मुडदे पाडणारा माणूस, आणि त्याच्यावर विनोद? शिवाय पोलिसांची टिंगल ती वेगळीच!’’ असा एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांचा सवाल होता. तासाची घंटा झाली म्हणून तेथे राहिलेले उत्तर येथे देतो.

मूळ हकीकत अशी. परदेशी प्रवाशांना गुंगीची औषधे पाजून लुटणाऱ्या, त्यांचे जीव घेणाऱ्या चार्ल्स शोभराजने मार्च १९८६ मध्ये तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारली आणि तो तुरुंगातून चालता झाला. मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला १९७१ साली एकदा पकडलेले होतेच. ६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यात, पर्वरीच्या एका उपाहारगृहात, त्यांनी त्याच्या पुन्हा मुसक्या बांधल्या. मुसक्या हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. बेड्या जवळ नव्हत्या, तेव्हा तेथूनच दोर मागून घेतला, असे खुद्द झेंडे यांनी सांगितले आहे. आता वाचकांनीच सांगावे, यातला विनोद दिग्दर्शकाने पदरचा घातला काय?

बरे, या माणसाकडे गंभीरपणे पाहणाऱ्यांनी तरी काय केले? २०१५ च्या ‘मैं और चार्ल्स’ मध्ये रणदीप हुडा यांनी तो साकारला, २०२१ मध्ये ‘द सर्पंट’ ही विलायती मालिका निघाली. आणि प्रत्येक वेळी त्याच्या भोवतीचे वलय वाढतच गेले. पर्वरीच्या त्या उपाहारगृहात तर पुढे पुतळा बसवला गेला, आणि तो पकडणाऱ्याचा नव्हे, पकडलेल्याचा! तेव्हा कोणाच्या अभिरुचीला धक्का बसला नाही. मांडलेकरांनी हे वलय काढून घेतले, एवढाच त्यांचा गुन्हा. जिम सर्भ यांचा कार्ल भोजराज (चित्रपटात नाव बदलले आहे) ऐटबाज आहे. पण ती ऐट पाहून दिपायला होत नाही, हसू येते. खुन्याचे हसे होणे आणि खून हसण्यावारी नेणे, यांतले अंतर ज्यांना कळत नाही, त्यांनी गांभीर्याची वकिली करू नये.

आणि टिंगल पोलिसांची? मनोज बाजपेयी यांचा झेंडे एकदा नीट पाहा. विनोदी भूमिका म्हटली की आपले नट भुवया उडवू लागतात. बाजपेयींनी चेहरा सरळ ठेवला आहे; ताठा पोलिसाचा, आणि डोळ्यांत पगारदाराचा हिशेब. भाऊ कदमांचा पाटील नुसता थबकला तरी हशा येतो, पण तो बावळट वाटत नाही. हुकूम पाळणारा, भूक लागणारा माणूस वाटतो. गिरिजा ओक यांच्या विजयाबाईंमुळे या शोधाला घर आहे. वर्दीतल्या माणसाला घर असते, हे दाखवणे म्हणजे टिंगल?

आम्हा नगरकरांना तरी हे समजावून सांगावे लागू नये. सदाशिव अमरापूरकर आमचेच. ‘अर्धसत्य’मधल्या (१९८३) त्यांच्या रामा शेट्टीने अंगावर काटा आणला, त्याच माणसाने ‘आँखें’मध्ये (१९९३) पोलीस इन्स्पेक्टर होऊन पोट दुखेपर्यंत हसवले. तेव्हा पोलीस खात्याची अब्रू गेल्याचे ऐकिवात नाही.

चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. उत्तरार्ध रेंगाळतो, आणि काही विनोद समजला नसेल म्हणून पुन्हा सांगितल्यासारखे वाटतात. माणसे बहुतेक सारी मराठी, दिग्दर्शक मराठी, आणि चित्रपट मात्र हिंदी! ही तक्रार सहकाऱ्यांनी केली असती, तर मी निमूट मान डोलावली असती.

आमच्या स्नेहसंमेलनात वेषभूषेला दर वर्षी काळा चष्मा लावलेले चार-पाच ‘डॉन’ असतात. यंदा सातवीतल्या एका मुलाने आतापासूनच झेंडे व्हायचे ठरवले आहे. टोपी जमली, बिल्ला जमला. दोर मात्र रस्सीखेचीचा हवा म्हणून तो माझ्याकडे चिठ्ठी मागायला आला. मी दिली. खेळांच्या सामानाच्या कपाटाची किल्ली त्याच वडीलधाऱ्या सहकाऱ्यांकडे असते.