रोहित्र, खेळणे आणि प्रेक्षकाचे मत

एखादा चित्रपट खेळण्यावरून काढलेला आहे एवढे कळले, की आपल्याकडील समीक्षकाचे काम जवळजवळ संपते. त्याचा युक्तिवाद चार पायऱ्यांचा असतो. खेळणे ही विक्रीची वस्तू; तिच्यावरचा चित्रपट ही लांबवलेली जाहिरात; तो ज्याला आवडतो तो फसलेला; आणि फसलेल्याच्या मताला वाङ्मयीन विचारात स्थान नाही. चर्चासत्रांतून हा युक्तिवाद इतक्या वेळा ऐकू येतो, की त्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या आधीच्या दोहोंतून निष्पन्न होत नाहीत, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख ह्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर आहे. असे चित्रपट चांगले असतात, असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. बहुतेक सामान्य असतात, काही तर असह्यच.

पहिल्या दोन पायऱ्या बव्हंशी खऱ्या आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही मालिका घेऊ. ताकारा ह्या जपानी कंपनीने आधीच बाजारात आणलेली, मोटारीचा माणूस होणारी खेळणी अमेरिकेच्या हास्ब्रो कंपनीने घेतली. त्यांना नावे, स्वभाव आणि परस्परवैर चिकटवले, आणि १९८४ साली खेळणी, मार्व्हलची चित्रकथा व दूरचित्रवाणीवरील मालिका असा तिहेरी संसार थाटला. वस्तू आधी आणि कथा नंतर, हा क्रम येथे निर्विवाद आहे. तथापि कथेच्या मुळाशी खेळणे असणे हा स्वतःत दोष असेल, तर शूद्रकाचे काय करावयाचे? ‘मृच्छकटिक’ ह्या नाटकाला नावच मुळी एका खेळण्याचे आहे. शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आलेला रोहसेन आपली मातीची गाडी नाकारून सोन्याच्या गाडीसाठी रडतो, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत भरते. हवी असलेली वस्तू आणि हाती असलेली वस्तू ह्यांतले अंतर हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे. देवलांनी ते नाटक मराठीत आणले तेव्हा खेळण्याच्या नावावर कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा प्रश्न खेळण्याचा नाही. खेळण्याशी प्रेक्षकाचे नाते काय, हा आहे.

ह्या नात्याविषयी १९८६ सालची घटना फार बोलकी आहे. त्या वर्षी मालिकेवरील पहिला चित्रपट, म्हणजे चलच्चित्रपट, आला आणि त्यात ऑप्टिमस प्राइम हा नायकच मारला गेला. कारण कथेतले नव्हते. दुकानांतील जुनी खेळणी मागे सारून नव्यांना जागा करून द्यावयाची होती, म्हणून जुनी पात्रे मेली. परंतु मुलांनी तो मृत्यू मृत्यू म्हणूनच घेतला. त्यांच्या दुःखाचा आणि पालकांच्या तक्रारींचा परिणाम असा झाला, की १९८७ साली मालिकेत नायकाला परत जिवंत करावे लागले, आणि त्याच वर्षीच्या ‘जी. आय. जो’ चित्रपटात ठरलेला एका सेनानायकाचा मृत्यू बेशुद्धीवर निभावून नेण्यात आला. फसलेला, निष्क्रिय प्रेक्षक संहितेत असा बदल घडवत नाही. मात्र ‘जनता जनार्दन’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनीही येथे थोडे थांबावे. मुलांचे मत उत्पादकापर्यंत पोहोचले ते मालाच्या हिशेबाच्या भाषेत. शोक त्यांनी केला आणि कंपनीने तो मागणी म्हणून नोंदवला.

आता ऊर्जानगरकडे वळू. चंद्रपूरलगतची ही महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ सालचा, म्हणजे ह्या खेळण्यांहून एका वर्षाने वडील. तो आणि त्याच्या जोडीचा दुसरा संच आता बंद झाले आहेत. उरलेल्यांची क्षमता २९२० मेगावॉट आहे. इरईचे पाणी, खुल्या खाणींचा कोळसा, पट्ट्यांवरून अहोरात्र होणारी त्याची वाहतूक आणि राख ह्यांच्या सान्निध्यात येथील दोन पिढ्या वाढल्या. ह्या वसाहतीत ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्द मायकेल बेच्या २००७ सालच्या चित्रपटाने आणला नाही. तो आधीपासून कुंपणाआड गुणगुणत उभा होता. सरकारी मराठीत त्याला रोहित्र म्हणतात. खेळणे मात्र येथे नव्हते. हास्ब्रोच्या भागीदारीतून १९८७ साली निघालेल्या फनस्कूलने गोव्यातल्या कारखान्यात काही परदेशी खेळणी घडवली खरी, पण कंत्राटी कामगाराच्या घरापर्यंत ती क्वचितच आली असतील. पुढे चैत्रात महाकालीच्या यात्रेतल्या दुकानांवर मिळू लागली ती नाममुद्रा नसलेली नक्कल, जिचा पैसा हास्ब्रोला जात नाही.

ह्याचा अर्थ समीक्षकांनी लक्षात घेतला पाहिजे. चित्रपट ही खेळण्याची जाहिरात आहे, हे विधान निर्मितीच्या बाजूने खरे असले तरी ग्रहणाच्या बाजूने ते येथे लागू पडत नाही. ज्याच्यापाशी वस्तू नव्हती, वस्तूची आठवण नव्हती, त्याला चित्रपट त्या वस्तूकडे नेऊ शकत नाही. अमेरिकेतला तिशीचा प्रेक्षक बालपणाच्या स्मृतीवर तिकीट काढतो आणि त्या स्मृतीशी चित्रपट प्रामाणिक राहिला की नाही, ह्यावर भांडतो. ऊर्जानगरचा प्रेक्षक ह्या भांडणात नाहीच. याऊसने ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, ते येथे खेळण्याचे नसून यंत्राचे आहे.

मग हा प्रेक्षक म्हणतो तरी काय? तीन मते वारंवार ऐकू येतात. पहिले, ‘पैसा वसूल’. समीक्षकाला ह्या शब्दात अडाणी तृप्ती दिसते. वस्तुतः हा हिशेबाचा शब्द आहे: दिले, घेतले, बाकी काही उरली नाही. रडवून गेलेल्या नाटकाविषयी सहसा कोणी तो वापरत नाही. कलाकृती व्यवहारात विरून गेली, असा जो निष्कर्ष हॉर्कहायमर आणि अडोर्नो ह्यांनी संस्कृतिउद्योगावरील आपल्या प्रकरणात मांडला, तोच हा प्रेक्षक दोन शब्दांत सांगून मोकळा होतो. गिऱ्हाइकाला सारे कळते आणि तरीही ते माल घेते, हे त्या प्रकरणाच्या अखेरीस लेखकद्वयाने नमूद केलेलेच आहे. आपले अभ्यासक बहुधा तेथपर्यंत वाचत नाहीत.

दुसरे मत, ‘डोके बाजूला ठेवून पाहा’. हीही मूर्खपणाची कबुली नव्हे. असे म्हणणाऱ्याला आपल्याला डोके आहे आणि ते कोठे ठेवले हे पक्के ठाऊक असते. चित्रपट आपल्या कोणत्या शक्तीला हाकच घालत नाही, हे तो पुढच्या प्रेक्षकाला सावधगिरीची सूचना म्हणून सांगत असतो. ही समीक्षाच आहे. फक्त ती नियतकालिकात छापून येत नाही.

तिसरे मत मला सर्वांत मोलाचे वाटते. केंद्रात काम केलेल्या माणसांकडून मी ते एकाहून अधिक वेळा ऐकले आहे: पडद्यावरच्या यंत्रांना वजन वाटत नाही. टर्बाइन उघडून पुन्हा बसवताना दिवस जातात. एक बेअरिंग तापले तर रात्रपाळीची झोप उडते. असा माणूस मोटारीचा राक्षस दोन क्षणांत उभा राहताना पाहतो तेव्हा डोळे दिपूनही त्याचा हात ते मानत नाही. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची गणना केली, तीत पहिले विघ्न ‘संभावनाविरह’ हे आहे: जे घडताना दाखवले ते घडू शकते अशी प्रतीतीच न होणे. आमचा पदव्युत्तर विद्यार्थी ही संज्ञा परीक्षेसाठी पाठ करतो. फिटर ती अनुभवातून सांगतो, आणि आपण त्याला अरसिक म्हणतो! रसिक ह्या संकल्पनेचे दार आपण किती अरुंद करून ठेवले आहे, ह्याचा हा पुरावा.

मग कळूनसवरून तो जातो कशाला? येथे मी एक तर्क मांडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या मूल्यांकनात अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर देशात चौथे होते. यंत्राच्या सावलीत राहणाऱ्याला यंत्राशी बोलता येत नाही. राख पडते, पण तिचा जाब द्यायला कोणी समोर येत नाही. चित्रपटात यंत्राला चेहरा येतो. ते बोलते, बाजू घेते. त्याचे डोळे निळे की लाल ह्यावरून सज्जन-दुर्जन ठरतो. ही नीतिव्यवस्था पोरकट आहे. पण तिच्यात यंत्र निदान उत्तरदायी असते, आणि ह्या अपेक्षेची भूक खोटी नाही. त्या भुकेला चित्रपट जे वाढतो ते निकस आहे, हा माझा चित्रपटावरचा खरा आरोप. त्यात यंत्रे आहेत आणि कामगार नाही. इतकी लोखंडी शरीरे मोडतात, पण ती उचलणारा, जोडणारा, तेल घालणारा माणूस प्रसंगाच्या केंद्राशी क्वचितच दिसतो. २०२३ च्या भागात तर पशुरूप यंत्रे आली. ज्या परिसरात २०२२ साली वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे गेली आणि रात्रपाळीहून परतणारा काळोखाकडे पाहत चालतो, तेथे तो विनोदही फारसा जमला नसावा.

बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये खेळण्यांवर लिहिताना तक्रार केली, की तयार खेळणे मुलाला निर्माता न करता केवळ वापरणारा करते. लाकडाची ऊब प्लॅस्टिकला नसते, हेही तो सांगतो. विदर्भातल्या वाचकाला येथे तान्हा पोळा आठवेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. तेथेही खेळणे आहे, देखावा आहे आणि मत देणारा जमावही आहे: कोणाच्या बैलाची मान डौलदार, कोणाची शिंगे बेढब. मात्र त्या बैलाच्या मागे आदल्या दिवशी पुजलेले, वर्षभर राबलेले जनावर उभे असते. श्रमाची आठवण खेळण्यात शिल्लक राहते. पडद्यावरच्या यंत्रात नेमकी तीच पुसली गेली आहे.

येथे आपले देशीवादी मित्र आनंदाने मान डोलावतील. म्हणून त्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. थंडीत वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची झाडीपट्टी नाटके रात्रभर पाहणारा प्रेक्षक आणि उन्हाळ्यात चंद्रपूरला हिंदीत भाषांतरित झालेला यंत्रपट पाहणारा प्रेक्षक पुष्कळदा एकच असतो. पहिल्या ठिकाणी तुम्ही त्याला ‘लोक’ म्हणता, दुसऱ्या ठिकाणी ‘गिऱ्हाईक’. मधल्या काही महिन्यांत त्याची विवेकशक्ती कोठे जाते? आणि झाडीपट्टीच्या प्रेक्षकाचा आदर तरी किती जुना? परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तोवर मराठी रंगभूमीच्या किती इतिहासकारांनी ह्या मंडपांत एक रात्र काढली होती?

उलट टोकाला गल्ला मोजणारे आहेत. २०१४ चा ‘एज ऑफ एक्स्टिंक्शन’ समीक्षकांनी झोडपला आणि तरी जगभरात त्याने शंभर कोटी डॉलरांहून अधिक मिळवले; चीनमधली कमाई अमेरिकेतल्याहून जास्त होती. ह्यावरून प्रेक्षकाने कौल दिला, असे म्हणतात. पण तिकीट हे मत नव्हे. मत तिकिटानंतर, घरी परतताना दिले जाते, आणि ते गल्ल्यात मोजता येत नाही. ‘पैसा वसूल’ म्हणणारा आणि ‘वजन वाटत नाही’ म्हणणारा, दोघांनी दिलेली रक्कम सारखीच असते.

म्हणून मागणी एवढीच आहे, की ही मते संहिता म्हणून वाचली जावीत. विद्यापीठांतून याऊस आणि स्टुअर्ट हॉल शिकवले जातात, ग्रहणसिद्धान्तावर प्रबंध होतात; त्यांतला ग्रहण करणारा बहुधा कोणी अनाम, सार्वत्रिक वाचक असतो. त्याला पाळी नसते, पगार नसतो, गाव नसते. ऊर्जानगर-दुर्गापूरच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी थांबले, तर हे सारे असलेला माणूस भेटतो आणि रात्री पाहिलेल्या चित्रपटातले यंत्र कोठे खोटे पडले, हे सुटा भाग हातात धरल्यासारखे दाखवून देतो.