चिंधीगिरी झिंदाबाद!

मुंबईत एखाद्याला 'चिंधी' म्हणणं म्हणजे त्याची पार लाज काढणं. हॉटेलचं बिल आलं की नेमका ज्याला फोन येतो, तो चिंधी. बर्थडेला कंपनीची फुकट मिळालेली डायरी गिफ्ट देणं, ही चिंधीगिरी. पण खरं सांगू? गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त आनंद कशानं दिला असेल, तर तो चिंध्यांनीच. अक्षरशः चिंध्यांनी! मी गोधडी शिवायला शिकलेय.

तसं बघायला गेलं तर चिंधीला आपण उगाचच बदनाम केलंय. कृष्णाच्या बोटातून रक्त यायला लागलं तेव्हा सुभद्रेला बांधायला साधी चिंधी सापडेना आणि द्रौपदीनं सरळ आपला भरजरी पीतांबर फाडला, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीय. म्हणजे खुद्द देवाचं कामसुद्धा चिंधीवाचून अडलं होतं. आपण कोण?

आणि मराठी घरात चिंध्यांना काय तोटा! सर्वात मोठी सप्लाय लाइन म्हणजे हळदीकुंकू. ओटीत आलेला ब्लाउजपीस हा शिवण्यासाठी नसतोच मुळी, तो पुढच्या बाईच्या ओटीत घालण्यासाठी असतो. आमच्याकडच्या एका जांभळ्या पीसनं अख्ख्या बिल्डिंगची टूर करून पुन्हा आमच्याच घरी लँडिंग केलंय. शिवाय टेलरकडून परत आलेलं उरलंसुरलं कापड, ऑल्टर केलेल्या कुर्त्यांच्या बाह्या, पडद्यांचे तुकडे, बोहारणीनंही नको म्हटलेल्या साड्या... हे सगळं एका पिशवीत कोंबलेलं असतं. 'असू दे, कशाला तरी होईल' या सदरात. तर तो 'कशाला तरी' म्हणजे गोधडी. कुठे तिला वाकळ म्हणतात.

गोधडीचं गणित एकदम सोपं. खाली अस्तर, मध्ये जुन्या सुती साड्यांचे किंवा धोतराचे थर आणि वर तुकड्यांची नक्षी. मग हे सगळं एकत्र धरून ठेवायला धावदोरा. बस्स! शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलो होतो, तोच टाका. बऱ्याच बायका काठापासून सुरुवात करतात आणि चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत येतात. थरांमध्ये हवा अडकून राहते, म्हणून ऊब. टाक्यांमधलं कापड धुतल्यावर थोडं आटतं, म्हणून ती खास गोधडीछाप सुरकुती. मॉलमध्ये 'पॅचवर्क'च्या नावाखाली एकाच कापडावर छापलेले चौकोनही विकतात. त्यांना ती सुरकुती कुठून येणार?

पण खरी मजा त्याच्याही आधी असते. तुकडे जमिनीवर मांडायचे, लांब उभं राहून बघायचं, पुन्हा उचलायचे. ज्या पोपटी ओढणीला आयुष्यात कशाचंच मॅचिंग मिळालं नाही, ती जांभळ्या ब्लाउजपीसशेजारी अशी काही खुलते की बघत राहावं! आणि एकदा टाके सुरू झाले की दोन्ही हात गुंतलेले. फोन वाजतो, वाजतो आणि गप्प बसतो. माझ्या माहितीतला हा सर्वात स्वस्त डिजिटल डिटॉक्स आहे.

हे इथपर्यंत सगळं हॉबी डिपार्टमेंट झालं. गोधडी म्हणजे नेमकं काय असतं, हे मला कळलं ते एका मैत्रिणीमुळे.

तिची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करायला एक महिना आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये कपाटं मावणार दोन. प्रश्न आला आईच्या साड्यांचा. आई जाऊन तीन वर्षं झालेली. बावीस सुती साड्या, डांबराच्या गोळ्यांसकट जशाच्या तशा. ही नेसत नव्हती, देववतही नव्हत्या. मी म्हटलं, गोधडी करू. तिला पटलं, पण भाऊ भडकला. "आईच्या साडीला कात्री लावणार तुम्ही?" दोन दिवस बहीण-भावात अबोला.

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटत होतं. साडी अख्खी असेपर्यंत माणूस कुठेतरी अख्खं आहे असं वाटतं. पण मैत्रिणीचंही खरं होतं. तीन वर्षांत ते कपाट कुणी किती वेळा उघडलं? शेवटी तिनं तोडगा काढला. दोघांसाठी दोन गोधड्या करायच्या, तीन साड्या तशाच ठेवायच्या. कापायला आम्ही दोघी बसलो. तिसऱ्या दिवशी भाऊ दारात उभा राहून नुसता बघत होता. चौथ्या दिवशी आत आला आणि त्यानं ढिगातून पांढरी, निळ्या काठाची साडी ओढून काढली. आई शिक्षिका होती, ही तिची शाळेची साडी. "ही माझ्यात हवी." "मलाही हवी," मैत्रीण म्हणाली. आणि मग ज्यानं कात्रीला विरोध केला होता, त्यानंच ती साडी मधोमध दुमडली आणि कापली. अर्धी अर्धी!

आज ती गोधडी तो रोज पांघरतो. सोफ्यावर मॅच बघताना तिच्यावर चहासुद्धा सांडतो. मैत्रीण चिडते. मला मात्र तेच आवडतं. कपाटातली साडी जपलेली होती, आता ती वापरात आहे. जपणं आणि वापरणं यात केवढा फरक आहे!

हे सगळीकडेच असं असणार. उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज आणि त्यांची बोली कोकणी-मराठीला जवळची. त्यांच्या बायका 'कवंद' शिवतात, म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी चुलतबहीणच. तिच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. ती नसली तर कवंद उघडीवाघडी वाटते, अशी त्यांची समजूत.

तिकडे अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावात, कृष्णवर्णीय शेतमजूर बायकांनी शेतात घालून घालून विटलेल्या पँटींच्या गोधड्या केल्या. 1972 मध्ये तिथल्या सहकारी संस्थेला सिअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचं काम मिळालं, तर उरलेल्या कॉर्डरॉयच्याही केल्या. थंडीसाठी शिवलेल्या त्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये अमेरिकन टपाल तिकिटांवर आल्या. आता बोला, चिंधी कोण?

म्हणूनच एक विनंती. हातानं शिवलेली गोधडी विकत घ्याल तेव्हा 'जुन्या कपड्यांचीच तर आहे' म्हणून घासाघीस करू नका. पैसे कापडाचे नसतात हो. एक मोठी गोधडी शिवायला एका बाईचे कित्येक दिवस, कमरेचा काटा आणि डोळ्यांची वाट लागते. चार टाके स्वतः घालून बघा, भाव आपोआप पटेल.

करून बघायचीय?

- पहिल्यांदाच अख्ख्या डबलबेडच्या मागे लागू नका. बाळाच्या दुपट्याएवढी, 36 इंच बाय 36 इंच करा.
- 5 इंचाचे 81 चौकोन कापा. चारही बाजूंनी अर्धा इंच शिलाईत गेला की 4 इंच उरतो. 9 चौकोनांच्या 9 ओळी जोडा.
- कापड सुती घ्या आणि कापण्याआधी धुऊन घ्या. रंग जाणारे आणि आटणारे तिथेच कळतात. टी-शर्टचं कापड ताणतं, पहिल्या खेपेला नको.
- मध्ये जुन्या मऊ साडीचे दोन थर पुरे. जास्त घातलेत तर सुई आत जाणार नाही.
- बोटात अंगुस्तान घाला. स्टाइल राहू दे, बोट वाचेल.
- एक तरी तुकडा असा घाला, ज्याची गोष्ट तुम्हाला माहितीय.

तर या वीकेंडला ती पिशवी खाली काढा. आणि कुणी चिंधी म्हणालंच, तर 'थँक्यू' म्हणा!