नळी बदलणाऱ्याला आधी विचारा

पायदळातली माझी बरीचशी नोकरी एमएमजीच्या मागं गेली. एमएमजी म्हणजे मिडियम मशीनगन. आपल्याकडची ७.६२ मिलिमीटरची ही गन मूळ बेल्जियमची ‘मॅग’. परवान्यावर ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनते. गन अकरा-बारा किलोची, ट्रायपॉड वेगळा, गोळ्यांच्या पट्ट्यांच्या पेट्या वेगळ्या, जादा नळी वेगळी. चढावर हे सगळं चार जणांत वाटून न्यायचं, आणि वर पोचल्यावर धाप शमायच्या आत गन लावायची.

देशी बनावटीच्या नव्या मशीनगनची बातमी आली की वजन छापून येतं, पल्ला येतो, मिनिटाला किती गोळ्या ते येतं. मला त्या बातमीत आणखी एक माहिती हवी असते आणि ती कधीच नसते. ही गन ज्यांनी कागदावर आखली, त्यांच्यातले किती जण आखायच्या आधी तिच्यासारखीच्या मागं आडवे झाले होते? माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यानं रात्री, थंडीत, हातमोजे घालून नळी बदलली आहे, तो जवान आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून टेबलाशी असला पाहिजे. सगळं ठरून गेल्यावर चाचणीला त्याला बोलावलं, तर तो फक्त तक्रार करू शकतो.

नळीचंच घेतो, कारण मशीनगनचा जीव तिथं आहे. सलग बर्स्ट मारत राहिलं की नळी तापते. फार तापली की आतलं पोलाद झिजतं, गोळी भरकटू लागते. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस पडून राहिलं तर ते ट्रिगर न दाबताही उडू शकतं. म्हणून बहुतेक मशीनगनांचा बोल्ट ट्रिगर दाबेपर्यंत मागं उघडाच थांबलेला असतो. एवढं करूनही नळी बदलावीच लागते. नंबर एक ट्रिगरवर, नंबर दोन पट्ट्यावर. बदलताना दोघांचे हात एकमेकांत अडकता कामा नयेत. आमचे उस्ताद डोळ्यांवर पट्टी बांधून हे करून घ्यायचे. कारण तेवढा वेळ गन गप्प असते, आणि समोरच्याला तेवढा वेळ पुरतो.

समोरचा म्हणजे कोण, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले, ग्रेनेडनं गन आणि ती चालवणारा गार केला, दुसऱ्याला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना हातातल्या शस्त्रानं झोडपून मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथंच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मशीनगन माणसांचं काय करते आणि असा माणूस मशीनगनचं काय करतो, दोन्ही त्या एका प्रसंगात आहे. गनमागं असताना मला घाडगे आठवायचे. समोरून तसा कुणी उठला, तर आपली गन त्या क्षणी बोलली पाहिजे.

आता अमेरिकेची एम ६० मशीनगन पाहा. १९५७ साली त्यांनी ती स्वीकारली आणि व्हिएतनाममध्ये नेली. तिचा बायपॉड नळीलाच जोडलेला होता. म्हणजे नळी काढली की गनचे पाय गेले. गन एकानं हातात उचलून धरायची किंवा मातीत टेकवायची. शिवाय प्रत्येक जादा नळीबरोबर आणखी एक बायपॉड वाहायचा. नळीला धरायला मूठ नाही, म्हणून ॲस्बेस्टॉसचा हातमोजा दिला होता. रात्रीच्या चिखलात तो मोजा शोधणाऱ्या पोराचा विचार माझ्या मनातून जात नाही. वर गॅस पिस्टन साफ करून उलटा बसवता येत होता, आणि तसा बसला की गन एक गोळी मारून थांबायची. अमेरिकेसारख्या देशात पैसा कमी नव्हता, कारखाने कमी नव्हते. नळी बदलताना बायपॉड कुठं जातो, हे कुणी वेळेवर विचारलं नाही, असंच मला वाटतं. नंतर त्याच अमेरिकेनं बेल्जियमची मॅग घेतली, आधी १९७७ मध्ये रणगाड्यांसाठी आणि नव्वदच्या दशकात पायदळासाठी. मॅगमध्ये बायपॉड गनपाशीच राहतो, आणि गन उचलायची मूठ नळी काढायलाही कामाला येते.

मॅग बेल्जियमच्या एर्नेस्ट व्हेर्व्हिए यांनी पन्नासच्या दशकात आखली. त्यांनी पट्टा ओढण्याची यंत्रणा जर्मन एमजी ४२ वरून घेतली आणि बोल्टची पद्धत अमेरिकेच्या जुन्या ब्राउनिंग रायफलवरून. दुसऱ्याचं चांगलं ते उचलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आणि ती एमजी ४२? ती आखणारे वेर्नर ग्रूनर हे शस्त्रतज्ज्ञ नव्हतेच. सॅक्सनीतल्या डेबेल्न गावात पत्र्याच्या वस्तू बनवणारा एक कारखाना होता. ग्रूनर तिथं ठोक उत्पादनाचे जाणकार. बंदुकीतलं आपल्याला कळत नाही म्हणून ते सैन्याच्या मशीनगन प्रशिक्षणाला गेले आणि जवानांबरोबर शिकले. मग आली पत्र्याच्या ठोकलेल्या भागांची गन. आधीच्या एमजी ३४ ला सुमारे १५० मनुष्यतास लागत, हिला निम्मे. नळी उजव्या बाजूनं पाच-सात सेकंदांत बाहेर. ही गन हिटलरच्या सैन्यासाठी होती आणि तिच्या माऱ्यात आपलीही माणसं गेली, हे विसरून मी लिहीत नाही. मिनिटाला १२०० गोळ्यांचा तिचा हव्यासही मला पटत नाही. इतका दारूगोळा पाठीवर कोण वाहणार? पण तो माणूस शिकायला गेला, हे खरं आहे.

आपल्याकडं ऐंशीच्या दशकात पुण्याला पाषाणमधल्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेत इन्सास शस्त्रांचं काम सुरू झालं. ५.५६ च्या एकाच काडतुसावर रायफल, एलएमजी म्हणजे लाइट मशीनगन, आणि कार्बाइन असं कुटुंब करायचं ठरलं. साठा आणि पुरवठा सांभाळणाऱ्यांना हे सोयीचं, मी ते नाकारत नाही. रायफल झाली आणि तिनं कारगिल पाहिलं. प्लॅस्टिकची मॅगझिनं थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या. कार्बाइन पलटणीत पोचलीच नाही. एलएमजी पोचली, पण ३० गोळ्यांच्या मॅगझिनची, म्हणजे जड नि लांब नळीची रायफल. सेक्शनला सलग मारा देणारं शस्त्र वेगळ्या गरजेतून जन्मायला हवं होतं. ते रायफलच्या पोटी आलं. शेवटी मार्च २०२० मध्ये आपण इस्रायलकडून १६,४७९ नेगेव्ह मशीनगन घ्यायचा करार केला, सुमारे ८८० कोटींना. गन ७.६२ ची, पट्ट्यावर चालणारी. ही खरेदी मला योग्यच वाटते. सीमेवरचा जवान आराखड्यांची वाट पाहू शकत नाही. पण चार दशकांच्या कामानंतर आपल्याला ती करावी लागली, हे मला टोचतं.

आपल्याला जमत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. २०२१ च्या जानेवारीत ‘अस्मी’ समोर आली. ९ मिलिमीटरचं हे मशीन पिस्तूल महूच्या इन्फंट्री स्कूलनं आणि आपल्या पाषाणच्या एआरडीईनं मिळून चार महिन्यांत उभं केलं. कामामागं होते लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड, म्हणजे लष्करातलाच माणूस. काही भाग थ्रीडी प्रिंटिंगनं करून पाहिले. पुढं २०२४ मध्ये उत्तर कमांडनं ५५० नग मागवले. मशीन पिस्तूल लहान असतं, त्याची नळी बदलावी लागत नाही, पट्टा नसतो. मशीनगन त्याहून कितीतरी अवघड. तरी पद्धत तीच लागते. गरज सांगणारा आणि आखणारा एका खोलीत बसले आणि वर्षांचं काम महिन्यांत आलं.

आखणारे म्हणतात की लष्कर दर वेळी मागण्या बदलतं. खरं आहे, बदलतं. दिल्लीतून कागद येतो, त्यात जगातल्या चार गनांचे चांगले गुण एकत्र मागितलेले असतात. हवालदाराला विचारलं तर तो इतकं मागणार नाही. तो म्हणेल, मोजा घातलेलं बोट ट्रिगरगार्डमध्ये शिरू दे. वाळू गेली तरी पट्टा ओढू दे. नळीची मूठ अंधारात सापडू दे. भाग उलटा बसणारच नाही असा घडव. वजन दोनशे ग्रॅम वाढलं तर चालेल का, हेही तोच सांगेल, कारण ते त्याच्याच खांद्यावर येणार आहे.

म्हणून पुढच्या देशी मशीनगनच्या कामाला पाषाणमध्ये किमान चार एमएमजी हवालदारांची दोन-दोन वर्षांची रीतसर बदली करा, पाहुणे म्हणून नको. आखणाऱ्या तरुण इंजिनिअरांना महूला गनरचा पूर्ण कोर्स करायला पाठवा, रात्रीच्या फायरिंगसह. पहिला नमुना तयार झाला की तो राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या बर्फात त्याच हवालदारांच्या हाती जाऊ दे, आणि त्यांची सही झाल्याशिवाय दुसऱ्या नमुन्याला मंजुरी देऊ नका.