ब्रेक नसलेली दुचाकी आणि धामणकर नाका

१/ भिवंडीच्या धामणकर नाक्यावर टेम्पो, रिक्षा आणि पादचारी यांच्या गर्दीतून एखादा तरुण दुचाकी भरधाव काढतो, तेव्हा आपण त्याला बेजबाबदार ठरवतो. ते रास्तच आहे. पण वेगाची ओढ असलेल्या या मुलांना आपण जागा कोणती दिली? हा प्रश्न चेक देशाने फार पूर्वी सोडवला.

२/ तेथील लोकप्रिय खेळ स्पीडवे. मातीचा लंबवर्तुळाकार मार्ग, चार स्वार, चार फेऱ्या. दुचाकीला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. मागचे चाक घसरवतच वळण घ्यायचे.

३/ आन्तोनीन कास्पर (जन्म १९६२) हा या खेळातला नामांकित स्वार. वडीलही त्याच नावाचे आणि त्याच खेळातले. १९८२ मध्ये तो युरोपीय कनिष्ठ विजेता झाला, पुढे ब्रिटिश लीगमध्ये खेळला. २००६ मध्ये, ४३ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

४/ असा स्वार केवळ धाडसातून घडत नाही. पार्दुबित्से येथील ‘सुवर्ण शिरस्त्राण’ शर्यत १९२९ पासूनची. दिविशोव या छोट्या गावात शर्यतीच्या दुचाकी तयार होत. तो कारखाना १९६४ मध्ये जावा कंपनीत विलीन झाला.

५/ होय, आपल्या आजोबांची ती जावाच! मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून ती आपल्या रस्त्यांवर आली. आपण यंत्र घेतले. यंत्राबरोबरची मैदानाची संस्कृती मात्र तिकडेच राहिली.

६/ आक्षेप येईल की हा खेळ जीवघेणा आहे. आहेच. १९६८ मध्ये लुबोश तोमीचेक हा नामवंत स्वार शर्यतीतच मृत्युमुखी पडला. तेथे मैदान बंद झाले नाही. त्याच्या स्मरणार्थ शर्यत भरू लागली.

७/ मैदानावर ब्रेक नसूनही शिस्त असते. सारे एकाच दिशेने धावतात, समोरून कोणी येत नाही, कडेला कुंपण असते, चूक केली की पंच बाद करतो. नाक्यावर ब्रेक असतात, पण रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीने कोणतीही शर्यत स्वीकारलेली नसते.

८/ म्हणून दंड हवाच, पण तेवढ्याने भागणार नाही. क्रिकेटसाठी मैदान राखणाऱ्या शहरांनी मातीचा एक कुंपणबंद मार्ग आणि एक प्रशिक्षक यांचाही विचार करावा. वेगाला जागा दिली नाही, तर तो आपली जागा रस्त्यावरच शोधतो.