चिरनेर-कर्नाळ्याच्या रानातले कंद

उरण तालुक्याची पश्चिम बाजू खाडीची, मिठागरांची आणि बंदराची. पूर्वेला चिरनेरच्या डोंगरापासून पनवेल तालुक्यातल्या कर्नाळ्याकडे पानगळीचे रान सुरू होते. कर्नाळा पक्षी अभयारण्याची घोषणा १९६८ साली झाली. आज त्याचे क्षेत्र १२.११ चौरस किलोमीटर आहे. चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे, या चक्रात तगून राहायचे इथल्या वनस्पतींचे दोन मार्ग आहेत. ऐन, किंजळ, साग, सावर, पळस पाने गाळून उन्हाळा काढतात. शेवळ, कळलावी, खर्चुडी यांच्या जमिनीवरच्या खुणा पुसल्या जातात आणि जीव कंदात किंवा गड्ड्यात उरतो.

झाड तुटले की खोडाचा बुंधा दिसतो, पंचनामा होतो. कंद गेला तर कोणाला कळतही नाही. संरक्षणाच्या चर्चेत म्हणूनच मोठ्या झाडांना जागा मिळते आणि कंदांना मिळत नाही. ही उणीव गंभीर आहे.

शेवळाचे उदाहरण सर्वांत बोलके. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती पश्चिम घाट आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशापुरतीच आढळते. वळवाच्या सरी पडल्या की पान येण्याआधी जमिनीतून जांभळट फुलोरा वर येतो. जूनमध्ये उरण-पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका त्याच्या जुड्या घेऊन बसतात. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते, म्हणून भाजीत आंबट काकडफळे घालण्याची रीत आहे. फुलोरा खुडल्याने कंद मरत नाही, पुढच्या वर्षी तो पुन्हा फुटतो. पण त्या वर्षी बी धरत नाही. एखाद्या उतारावरचे सगळेच फुलोरे दरसाल खुडले गेले, तर जुने कंद म्हातारे होत जातात आणि नवी रोपे येत नाहीत.

कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे विषारी, पण औषधी द्रव्य असते. इथे मागणी कंदालाच असल्याने तोडणीचा अर्थ रोप उपटणे असाच होतो. सर्पगंधेचेही तेच. तिच्या मुळातून १९५२ साली रक्तदाबावरचे रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि मागणी वाढली. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. खर्चुडीची गोष्ट आणखी नाजूक आहे. तिच्या कंदिलासारख्या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेली बारीक माशी ते सुकेपर्यंत अडकून राहते आणि सुटताना पराग घेऊन जाते. माशी नसेल तर बी नाही. सह्याद्रीत या गटातल्या कित्येक जाती अगदी मोजक्या ठिकाणी उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांची रोपे वाढवण्याचे मोलाचे काम झाले आहे.

झाडांमध्येही शिसम जागतिक लाल यादीत असुरक्षित गणला जातो आणि बिवळा संकटाच्या उंबरठ्यावर. दोघांच्याही लाकडाला मोल आहे, तोडीला एवढे कारण पुरेसे आहे.

खुडणाऱ्या हातांवर सारा दोष टाकणे मात्र चूक आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. नाग्या कातकरी आणि इतरांनी प्राण दिले ते रानावरच्या हक्कासाठी. त्याच कातकरी समाजाला शेवळाच्या जुडीसाठी गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल. मोठे नुकसान दुसरीकडे होते. भरावासाठी मुरूम-माती खणली की उताराचा वरचा थर कंदांसह ट्रकमध्ये जातो आणि तिथे पुढच्या पावसात काहीच फुटत नाही. फेब्रुवारीपासूनचे वणवे खोलवरचा कंद सोडतात, पण कोवळी रोपे आणि पडलेले बी जाळून टाकतात. मोकळ्या झालेल्या जागेत रानमोडी आणि घाणेरी शिरतात. वृक्षारोपणात लावलेली गिरीपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ हिरवी दिसतात, पण देशी रानाची जागा ती भरून काढत नाहीत.

उपाय कायद्यातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. व्यापारासाठी होणाऱ्या संकलनावर शुल्क आकारण्याचा अधिकारही समितीला आहे. या नोंदवहीत शेवळाचे उतार नावानिशी यावेत, तिथे दर जूनमध्ये फुलोरे मोजले जावेत आणि एका जागेतले किती खुडायचे, किती बियांसाठी राखायचे, हे वाडीवरच्या बायकांना विचारून ठरावे. त्या उतारांवर माती उत्खननाची परवानगी मागितली गेली, तर महसूल खात्याने आधी ही नोंदवही उघडावी. वृक्षारोपणाच्या यादीत गिरीपुष्पाऐवजी ऐन, बिवळा, शिसम, काकड यांची रोपे असावीत.