पंपाची ताकद बघता, पाठ कोणाची तेही बघा

पऱ्हाटी गुडघ्याला लागली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, यंदा पेट्रोलवरचा पंप घ्यायचा म्हणतो, सगळ्यात जास्त ताकदीचा कोणता?" वणी तालुक्यातल्या गावांत फिरताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की आता मी उलटच विचारतो, पंप पाठीवर कोण घेणार? समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, "मजूर हाय ना!"

पंप पहिलाच असेल तर त्याची निवड या उत्तरापासूनच सुरू व्हायला पाहिजे, असे माझे मत आहे. दुकानात सीसी विचारली जाते, फवारा किती लांब जातो ते दाखवले जाते, कंपनीची टोपी मिळते आणि सौदा होतो. वॉयसर कुठे मिळतील, ऑइल किती टाकायचे, हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडच्या पाठीवरच्या पेट्रोल पंपांत बरेचसे टू-स्ट्रोक असतात. जुन्या राजदूतला आणि आरएक्स १०० ला जे इंजिन होते त्याच जातीचे, फक्त लहान. आरएक्स १०० आपल्या देशात १९८५ पासून १९९६ पर्यंत तयार होत होती आणि गावातली पोरं आजही ती शोधून घेतात. कारण एकच, पिकअप. आमच्या काकांकडे एक होती. पदविकेला असताना मी ती मागून नेली, पेट्रोल भरले आणि ऑइल विसरलो. वरोऱ्याच्या रस्त्यावर इंजिन जाम झाले आणि गाडी ढकलत आणली. काका काही बोलले नाहीत, बिल मात्र माझ्या हातात दिले. टू-स्ट्रोकमध्ये ट्रॅक्टरसारखी ऑइलची वेगळी जागा नसते, पेट्रोलमधून जाईल तेवढेच ऑइल पिस्टनला मिळते, हा धडा मी पुस्तकात वाचला होता पण शिकलो त्या दिवशी.

आता ताकदीबद्दल. गाडीत जास्त ताकद म्हणजे जास्त वेग. फवाऱ्यात जास्त दाब म्हणजे जास्त बारीक थेंब. जाड थेंब पानावर पडतो. केसाच्या जाडीएवढा बारीक थेंब हवेतच तरंगतो आणि डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत तो माणसाच्या नाकातोंडात जातो. २०१७ चा हंगाम आपण विसरलेलो नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी उंच आणि दाट होती, दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती, अंगावर पुरते कपडे नव्हते. जोराच्या पंपांची चर्चाही तेव्हा झाली. ती चर्चा पुढच्या हंगामापर्यंत टिकायला हवी होती.

दुसरी गोष्ट मात्रेची. शिफारशीच्या पत्रकात १० लिटर पाण्याला अमुक मिली असे लिहून खाली बरेचदा टीप असते की पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट करावी. ही टीप एकरी पाणी तिसऱ्या हिश्शावर येते, अशा पंपासाठी आहे. पण तुमच्या पंपाला एकरी पाणी तेवढेच लागत असेल आणि तुम्ही मात्रा तिप्पट केली, तर झाडावर तिप्पट विष गेले आणि टाकीतले पाणीही तिप्पट कडक झाले. तीच टाकी मजुराच्या पाठीवर गळते. म्हणून एकरी किती टाक्या लागतात ते आधी मोजा, मात्रा मग ठरवा.

मग घ्यावा कोणता? चार-पाच एकराच्या आतला शेतकरी असेल तर मी स्पष्ट सांगतो, बॅटरीचा पंप घ्या. शेजाऱ्याने पेट्रोलचा घेतला हे कारण होत नाही. क्षेत्र जास्त असेल आणि टू-स्ट्रोकच घ्यायचा असेल तर लहान इंजिनाचा घ्या. २० लिटरची टाकी भरली की पंपासकट वजन तीस किलोच्या घरात जाते, त्यात इंजिन मोठे असेल तर दुपारपर्यंत माणूस वाकतो. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही, धूरही कमी, पण तो महाग आणि त्याच्या ऑइलची पातळी रोज बघावी लागते. घेण्याआधी त्याच दुकानात प्लग, दोरी, वॉयसर आणि कार्बोरेटरचा किट आज मिळतो का ते विचारा. "मागवून देतो" म्हटले तर उठून या. ऐन फवारणीत आठ दिवस पंप बंद पडला तर बोंडअळी थांबत नाही.

ऑइलचे माप पंपाच्या पुस्तकात दिलेले असते, तेच पाळा. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली, ४० ला १ असेल तर २५ मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. ऑइल टू-टीच पाहिजे, ट्रॅक्टरचे उरलेले चालत नाही. बाटलीच्या झाकणाने अंदाजे टाकणारे पुष्कळ आहेत आणि पिस्टन जाम झालेले पंपही त्यांच्याचकडे दिसतात. खोकल्याच्या औषधासोबत मिळते ती मापाची टोपी घ्या, लाल रंग लावा आणि पंपाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे ती घरात परत येणार नाही. मिश्रण वेगळ्या डब्यात करा, हलवा, मग टाकीत ओता. नवा पंप पहिल्या काही टाक्या पुऱ्या रेसवर चालवू नका.

प्लग दर आठवड्याला काढून बघा. चहाच्या रंगाचा असेल तर सगळे ठीक. काळा, ओला असेल तर ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर बुजलेला. पांढरा पडला असेल तर इंजिन तापते आहे, ऑइल आणि कार्बोरेटर तपासा. फिल्टरचे आपल्याकडे विशेष सांगायला पाहिजे. राजूर, उकणी, मुंगोलीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांची धूळ पऱ्हाटीच्या पानावर बोटाने रेघ ओढता येईल इतकी बसते. तीच फिल्टरमध्ये जाते. तिकडच्या शेतकऱ्याने फोमचा फिल्टर रोज संध्याकाळी धुवावा, पूर्ण वाळवूनच बसवावा. पुस्तकातली मुदत त्या रस्त्यासाठी लिहिलेली नाही.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते आणि ते ओल धरते. ऑइल मिसळलेले पेट्रोल महिना-महिना ठेवून वापरू नका. काम संपले की पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून प्लगच्या भोकातून थोडे टू-टी ऑइल सोडा, दोरी हळू दोन-तीनदा ओढा आणि प्लग लावून ठेवा.

इंजिनाची एवढी काळजी घेणारा शेतकरी नळीला मात्र चिंधी बांधून भागवतो. हे मी स्वतः पाहिले आहे, एकदा नव्हे. इंजिनाच्या आवाजात गळतीची फुस्स ऐकू येत नाही, धुराच्या वासात औषधाचा वास कळत नाही. शर्ट घामाने ओला झाला की औषधाने, तेही मजुराला समजत नाही. चिंधी सोडा, वॉयसर बदला. बुजलेले नोझल तोंडाने फुंकू नका. टाकी तीनदा धुवा आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा निर्गुडेत सोडू नका.

पंप घरी आणला असेल तर पहिल्या दिवशी औषध टाकूच नका. साधे पाणी भरा, पांढरा सदरा घाला आणि मालकाने स्वतः पाठीवर घेऊन अर्धा एकर फिरून या. मग सदरा काढून बघा, कुठे कुठे ओला आहे. वाऱ्याने उडाले ते वेगळे, पाठीवर आणि कमरेखाली ओला असेल तर दुकानदाराकडे त्याच दिवशी पंप परत न्या, पावती सोबत ठेवा.